अंगण खरंच वाकडं होतं!

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण शाळेत एकदा शिकवली की ती कायमची डोक्यात बसते. त्यामुळेच पहिल्या वर्षी कार्पेंट्री शॉपमध्ये माझा टी-लॅप जॉइंट बिघडला, तेव्हा मी हातातल्या करवतीकडे एकदासुद्धा संशयाने बघितलं नाही. जोडल्यावर सांध्याच्या फटीतून दहा रुपयांचं नाणं आरामात आत जात होतं. सरांनी जॉब उजेडाकडे धरला आणि शांतपणे विचारलं, “काय रे, व्हेंटिलेशनची सोय केलीयस का?” अख्खी बॅच हसली. मीही हसलो. मनात मात्र पक्कं झालं की आपल्या हातात कला नाही, आपण आपलं थिअरीचं बघावं.

पुढे काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. हॉस्टेलवर जे सगळे करतात तेच केलं. वरच्या मजल्यावरच्या एका सिनियरचा जुना जॉब मिळवला, त्यावर हलका रंधा मारला, जुना रोल नंबर घालवून स्वतःचा ठोकला आणि सबमिट केला. दहापैकी आठ मार्क! जर्नलमध्ये ते आठ मार्क आजही आहेत. तो जॉब माझ्याआधी किती जणांनी सबमिट केला होता देव जाणे, कारण रंधा मारून मारून तो मूळ मापापेक्षा चांगलाच बारीक झाला होता.

हा लेख त्या आठ मार्कांबद्दल आहे, आणि ते ज्या करवतीमुळे असे मिळवावे लागले तिच्याबद्दलही आहे. “करवतीवर काय लेख लिहितोस?” असं रूमवर विचारून झालंय. पण आपल्या शॉपसाठी या टर्मला वीस नव्या टेनन सॉ घ्यायचं घाटतंय. सगळ्यात कमी कोटेशन ज्याचं, त्याच्याकडून. म्हणून हा विषय आत्ताच काढायला हवा.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात कॉमन रूममधल्या कॅरमच्या स्टँडचा पाय मोडला. रेक्टर सरांनी “पुढच्या बजेटमध्ये बघू” म्हणून सांगितलं, म्हणजे काय ते आपल्याला कळतं. आम्ही चौघांनी ठरवलं की आपणच करू. एका मोडक्या कॉटच्या सागवानी पट्ट्या हाताशी होत्याच. त्या घेऊन शॉपमध्ये मामांकडे गेलो. मामा म्हणजे कार्पेंट्री शॉपचे असिस्टंट. अख्खं कॉलेज त्यांना मामाच म्हणतं, प्रिन्सिपॉल सरसुद्धा.

मी सवयीने रॅकवरची एक करवत उचलली. मामा म्हणाले, “ती नको. ती लाकूड कापत नाही, लाकडाला त्रास देते.” मग त्यांनी स्वतःचं कपाट उघडून फडक्यात गुंडाळलेली एक जुनी करवत काढली. पितळी पाठ, वापरून गुळगुळीत झालेली लाकडी मूठ. “ही धर. दाबू नकोस. नुसती पुढे-मागे कर, ती आपली जाते.” मी रेषेवर धरली आणि करवत खाली उतरत गेली. सरळ! पट्टी उलटून बघितलं तर मागच्या बाजूलाही काप रेषेला चिकटून होता. मी तोच, लाकूड तेच, हात तोच. बदलली होती फक्त करवत. वर्षभर मी उगाचच स्वतःला बिनकामाचा समजत होतो.

आता इंजिनिअरिंगला आहोत म्हटल्यावर ‘मामांच्या करवतीत जादू आहे’ म्हणून सोडून देता येत नाही. त्या संध्याकाळपासून मी मामांच्या मागे लागलो. जे कळलं ते इथे मांडतो. यातलं काहीच अवघड नाही, पण पहिल्या वर्षी हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली गोष्ट दात्यांच्या आकाराची. लाकूड म्हणजे तंतूंची मोळी. तंतूंच्या दिशेने कापायचं असेल तर दाता पटाशीसारखा हवा. तो समोरून सपाट असतो आणि तंतूंची टोकं खरवडून काढत जातो. ही रिप करवत. तंतूंना आडवं कापायचं असेल तर दाता सुरीच्या टोकासारखा हवा. त्याच्या कडा तिरक्या घासलेल्या असतात आणि तो तंतू दोन्ही बाजूंनी आधी चिरतो. ही क्रॉसकट. आपल्या टी-लॅपमध्ये दोन्ही काप येतात. खांद्याचा काप आडवा असतो, तर ज्या पट्टीच्या टोकाला निम्मी जाडी काढायची तिथला काप उभा, तंतूंच्या दिशेने. रॅकवरच्या सगळ्या टेनन सॉ दुकानातून येतानाच क्रॉसकट घासलेल्या आहेत. म्हणजे उभ्या कापासाठी आपण सुरीने पटाशीचं काम करत होतो. करवत चालत नाही, मग पोरगं जोर लावतं, आणि जोर लावला की काप रेषा सोडतो.

दुसरी गोष्ट दात्यांची संख्या. फिटिंग शॉपमध्ये हॅकसॉच्या बाबतीत हे आपण शिकतोच की पत्र्यावर एका वेळी निदान तीन दाते टेकलेले हवेत, नाहीतर दाते तुटतात. लाकडात त्याच्या उलट अडचणही येते. दाते फार बारीक असतील तर दोन दात्यांमधली खाच भुशाने लगेच भरते आणि करवत नुसती घसरत राहते. म्हणून अर्ध्या-पाऊण इंची पट्टीतल्या डव्हटेलला इंचाला १५ ते २० दाते चालतात, पण दोन इंच खोल कुसू कापायचं तर १० ते १२ बरे. खरेदी करताना आणखी एक गोंधळ होतो. काही ठिकाणी इंचातले दाते मोजतात, काही ठिकाणी टोकं मोजतात. दोन्ही कडांची टोकं धरली तर आकडा एकाने जास्त येतो. एकच करवत, आकडे दोन!

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सेटिंग. दाते आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, म्हणजे काप पात्यापेक्षा रुंद होतो आणि पातं अडकत नाही. ओल्या लाकडाला किंवा भराभर कापायच्या कामाला जास्त सेटिंग ठीक आहे. पण सुक्या सागाच्या सांध्याला अगदी थोडंसं पुरतं. मी व्हर्निअर घेऊन मोजलं. रॅकवरच्या करवतीचं पातं ०.९ मिमी आणि काप १.५ मिमी. मामांच्या करवतीचं पातं ०.५ मिमी आणि काप ०.७ मिमी. म्हणजे रॅकवरची करवत त्याच कामात दुपटीहून जास्त लाकडाचा भुसा करते आणि तो सगळा आपल्या दंडाच्या जोरावर! शिवाय एवढ्या रुंद खाचेत पातं डुगडुगतं. सरळ जायला आधारच नसतो त्याला.

सेटिंग एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल तर करवत जास्त सेटिंगच्या बाजूला ओढते. इथेच मला ‘हात वाईट की करवत वाईट’ या वादाचा निकाल लावायची साधी युक्ती सापडली. एक करवत घ्या, तीन वेगवेगळ्या मुलांना तिने कापायला सांगा. तिघांचाही काप एकाच बाजूला गेला तर दोष करवतीचा. तिघांचे तीन दिशांना गेले तर दोष हातांचा. आम्ही रॅकवरच्या सात नंबरच्या करवतीवर हा प्रयोग केला. तिघेही डावीकडे! मामांनी करवत आडवी ठेवली, डाव्या बाजूच्या दात्यांवरून तेलदगड एकदाच हलका फिरवला आणि म्हणाले, “आता बघ.” फरक लगेच दिसला. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांअभावी किती बॅचेसनी ‘पुअर’ शेरा खाल्ला असेल?

चौथी गोष्ट पात्याच्या जाडीची, आणि इथे आपला अभ्यासक्रम कामाला येतो. आपली करवत ढकलताना कापते, म्हणजे पात्यावर दाब येतो. पातळ पट्टीवर दाब आला की ती वाकते. ऑयलरचं सूत्र आठवा. बकलिंगचा भार आय वर अवलंबून, आणि आय जाडीच्या घनावर. ०.५ ऐवजी ०.३ मिमीचं पातं घेतलं तर ते साडेचार पटींहून कमी भारात वाकेल. म्हणून ढकलायच्या बारीक करवतीला पितळेची किंवा लोखंडाची पाठ बसवतात. जपानी करवत उलट ओढताना कापते. ओढताना पात्यावर ताण असतो आणि ताणाने पट्टी वाकत नाही, उलट सरळ होते. त्यामुळे त्यांना ०.३ मिमीचं पातं परवडतं.

माझ्या रूममेटचा दादा नोकरीनिमित्त जपानमध्ये असतो. त्याने सुट्टीत येताना एक दोझुकी आणली, म्हणजे पाठ असलेली सांध्यांची करवत. खरं सांगतो, पहिला काप बघून आम्ही तिघं गप्पच झालो. काप इतका बारीक आणि स्वच्छ की रंधा मारल्यासारखा. मला वाटलं, झालं! वीस दोझुकी मागवा आणि प्रश्न मिटवा.

पण मामांनी ती हातात घेतली, दात्यांची काळपट निळी टोकं बघितली आणि कानस हलकेच लावून पाहिली. कानस घसरली. हे दाते विजेच्या झटक्याने क्षणभर तापवून कडक केलेले असतात. खूप दिवस धार टिकते, पण गेली की गेली. कानस चालत नाही, पातंच बदलायचं. आठवड्याभरात एका मित्राने सवयीने ती पुढे ढकलली, सागाच्या गाठीत अडकली आणि पात्याला बाक आला. दोन दातेही तुटले. दादाला अजून सांगितलेलं नाही. (हा अंक त्याच्यापर्यंत पोचू नये ही प्रार्थना.) स्वतःच्या टेबलवर, स्वतःच्या हाताने काम करणाऱ्याला दोझुकी उत्तमच. पण साठ जणांच्या शॉपला नाही.

त्यानंतर पुण्याच्या जुन्या बाजारातून एका रविवारी मी दीडशे रुपयांना गंजलेली, पितळी पाठीची टेनन सॉ आणली. घेताना मामांनी सांगितलेल्या तीनच गोष्टी बघितल्या. डोळ्यासमोर आडवी धरून पातं सरळ आहे का, दात्यांच्या मुळाशी गंजाचे खड्डे नाहीत ना, आणि मूठ हलत नाही ना. बाकी गंज, मळ, बोथट दाते हे सगळं दुरुस्त होतं. पात्याला पडलेला बाक मात्र सहजासहजी जात नाही. आणि मूठ हातात धरून बघायचीच. तीन बोटं मुठीत, तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ पुढे. असं धरल्यावर मनगट वाकडं करावं लागत असेल तर ती करवत आपली नाही.

मग धार लावणं शिकलो. दोन पट्ट्यांमध्ये पातं धरून व्हाइसमध्ये पकडायचं. आधी सपाट कानस सगळ्या दात्यांच्या माथ्यावरून फिरवायची, प्रत्येक टोकावर चकाकता ठिपका दिसेपर्यंत. म्हणजे उंची सारखी झाली. मग गरज असेल तर सेटिंग. मग तिकोनी कानस प्रत्येक खाचेत सारख्या वेळा फिरवायची, तो ठिपका जेमतेम नाहीसा होईपर्यंत. कानस समभुज त्रिकोणाची, त्यामुळे खाच आपोआप ६० अंशांची होते. आपण फक्त कानसचा कल सांभाळायचा. कानस पात्याला काटकोनात धरली तर रिप, पंधरा-वीस अंश तिरकी धरली तर क्रॉसकट. पहिल्या वेळी माझे दाते एक लहान एक मोठा असे झाले. मामा म्हणाले, “सहा वर्षांच्या पोराच्या तोंडासारखे केलेस.” तिसऱ्या वेळी जमलं. माझी करवत मी रिपच घासली, कारण दाते बारीक असले की रिप करवत आडवा कापही ठीकठाक काढते. क्रॉसकट मात्र उभ्या कापात रखडते आणि भरकटते. एकच करवत घेणार असाल तर इंचाला १४-१५ दात्यांची, रिप घासलेली, परत धार लावता येणारी घ्या. हे माझं स्पष्ट मत आहे.

आता वीस नव्या करवतींकडे येतो.

मी याबद्दल शॉपच्या सरांशी बोललो. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ते म्हणाले, “अरे, चांगली करवत दिली तर पहिल्या दिवशी कोणीतरी खिळ्यावर चालवणार. स्वस्त आहे म्हणून तर शॉप चालतं. आणि तुम्ही काय सुतार होणार आहात? चार दिवसांनी तर सगळं लेसर कटरवर होईल.” पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य. दोझुकीचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण म्हणून नव्या स्वस्त करवती घ्यायच्या, हे पटत नाही. नवी स्वस्त करवत म्हणजे पुन्हा क्रॉसकट दाते, पुन्हा भरमसाठ सेटिंग, किंवा मग कडक केलेले दाते, ज्यांना कानसही लागणार नाही. वर्षभरात त्या वीसही बोथट होतील आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोटेशन मागवू. रॅकवरच्या जुन्या करवतींचं पोलाद वाईट नाही, त्यांच्याकडे कोणी बघितलेलं नाही इतकंच.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल. सुतार आपण होणार नाही, कबूल. पण प्रॉडक्शनला, क्वालिटीला जाऊच की. तिथे एखाद्या मशीनवर जॉब सारखा रिजेक्ट व्हायला लागला तर आपण काय म्हणणार? ऑपरेटरचा हात वाईट? की टूल तपासणार? ज्या शॉपमध्ये आपण पहिल्यांदा हत्यार हातात घेतो, तिथे जर ‘करवत जशी आहे तशी, चूक तुझीच’ एवढंच शिकलो, तर उद्या आपणही खुर्चीत बसून तेच बोलू. आणि हत्यार नीट नसलं की पोरं जॉब दुसरीकडून मिळवतात, हेही शिकतो. माझे आठ मार्क त्याचा पुरावा. यात करवतीवर सगळं ढकलून मी सुटू बघत नाही. खोटा जॉब सबमिट केला तो मीच. पण सरळ काप येणारी करवत हातात असती तर नाण्याऐवजी फार तर कागद जाईल असा जॉइंट मी केला असता, आणि तोच सबमिट केला असता असं मला आज वाटतं.

म्हणून माझं सुचवणं असं आहे. वीस करवतींऐवजी चार बऱ्या घ्याव्यात, परत धार लावता येणाऱ्या. उरलेल्या पैशात तिकोनी कानशी आणि दाते वाकवायचं एक सेटिंगचं हत्यार घ्यावं. जुन्या वीसपैकी दहा रिप घासाव्यात, दहा क्रॉसकट ठेवाव्यात. रिपच्या मुठीला लाल रंग, क्रॉसकटला हिरवा, म्हणजे पहिल्या दिवशी आलेल्या पोरालाही कळेल. आणि पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये एक टर्न फक्त करवतीला धार लावण्याचा असावा. तो टर्न झाला की खिळ्यावर करवत चालवायची कोणाची हिंमत होणार नाही, कारण ते दाते त्याने स्वतः घासलेले असतील.

शेवटचं कारण सगळ्यात घाईचं आहे. मामा येत्या जूनमध्ये रिटायर होताहेत. अख्ख्या कॉलेजमध्ये करवतीला धार लावता येणारा तो एकच माणूस. त्यांनी आजवर कधी कोणाला नाही म्हटलेलं नाही. आपणच कधी विचारलं नाही. जॉब ‘जरा नीट करून द्या’ म्हणून मात्र खूप जणांनी विचारलं, मीही त्यातलाच. नव्या करवती कधीही विकत घेता येतील. जूननंतर मामा कुठून आणणार?

मामा दर शनिवारी दुपारी शॉपमध्ये असतात. सर “बघू” म्हणालेत, आणि रेक्टर सरांच्या ‘बघू’पेक्षा हे ‘बघू’ जरा बरं वाटलं. तोपर्यंत आम्ही चौघं जातोच आहोत. आतापर्यंत रॅकवरच्या सहा करवती झाल्या, चौदा बाकी आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, हात काळे करायची तयारी ठेवावी आणि जमल्यास कानस घेऊन यावं, कारण शॉपमधल्या दोन्ही झिजल्या आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलांनी सात नंबरची करवत मागून घ्यावी. ती आता डावीकडे ओढत नाही.

आणि कॅरमचा स्टँड? कॉमन रूममध्ये जाऊन बघा. एका सांध्यात अजून थोडी फट आहे, तो मी कापलेला पहिला. मुद्दाम भरलेली नाही.